दारापर्यंत जाऊन परतलेल्या वाचकास

पत्र : "माझे वय ४३ आहे. गेली अनेक वर्षे मी रोज पितो. पूर्वी फक्त रात्री प्यायचो. आता सकाळी हात थरथरतात म्हणून कामावर जाण्यापूर्वीही थोडी घ्यावी लागते. तीन महिन्यांपूर्वी सोडायचे ठरवले आणि मदतगटाचा शोध सुरू केला. आज माझ्याजवळ अकरा मीटिंगांचा वहीत आखलेला तक्ता आहे : वार, वेळ, अंतर, पद्धत, प्रत्यक्ष की ऑनलाइन. त्यांपैकी एकाच ठिकाणी गेलो. दारावर 'क्लोज्ड मीटिंग' अशी पाटी होती. बाहेरच्यांना प्रवेश नसावा असे समजून परत फिरलो आणि त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त प्यालो. माझा देवावर विश्वास नाही. ओळखीचे कोणी भेटेल अशी भीती वाटते. चारचौघांत बोलणे मला जमत नाही. पत्नी बरोबर येते म्हणते, तिला न्यावे का, हेही कळत नाही. मध्यंतरी मनानेच दोन दिवस बंद केली होती, तेव्हा भिंतीवर किडे चालताना दिसले, म्हणून पुन्हा सुरू केली. या अकरांतून माझ्यासाठी योग्य मीटिंग कशी निवडू?" — दाराबाहेरून परतलेला

उत्तर : तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे, परंतु माझे लक्ष त्याच्या आधीच्या वाक्यावर अडले, आणि बाकी सगळे बाजूला ठेवून प्रथम त्याविषयीच लिहिणे मला भाग आहे. भिंतीवरचे किडे तुम्ही ओझरते सांगून पुढे गेला आहात. ती मनाची दुर्बलता नव्हती आणि सोडण्याचा निश्चय कच्चा असल्याची खूणही नव्हती. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची मज्जासंस्था दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत चेतवून ठेवायला शिकते. दारू एकाएकी काढून घेतली की गुंगी जाते, पण चेतवणे तसेच उरते, आणि त्यातूनच थरथर, घाम, छातीतली धडधड, निद्रानाश आणि भास उद्भवतात. ही लक्षणे साधारणपणे शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत सुरू होतात, आकडी आली तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, आणि काही रुग्णांमध्ये दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डिलिरियम ट्रेमेन्स नावाची भ्रमाची गंभीर अवस्था निर्माण होते, जी उपचारांअभावी जीवावर बेतू शकते. सकाळी थरथर थांबवण्यासाठी प्यावी लागणे आणि दोन दिवसांच्या खंडात भास होणे, ही दोन्ही लक्षणे तुम्हाला आहेत. म्हणून पुन्हा कधीही एकट्याने, घरच्या घरी, एका झटक्यात दारू बंद करू नका.

मीटिंगच्याही आधी, येत्या दोन-तीन दिवसांत, डॉक्टरांना भेटा. ते मानसोपचारतज्ज्ञ असले तर उत्तम, नसले तरी चालेल. रोज किती पिता, सकाळी पिता की नाही, मागच्या वेळी काय दिसले, पूर्वी कधी आकडी आली होती का, हे सगळे आकडे कमी न करता सांगा. दारू सोडण्याचे पहिले काही दिवस औषधांच्या आधाराने, मात्रा क्रमाक्रमाने कमी करत, बऱ्याच अंशी सुरक्षितपणे पार पाडता येतात. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात अनेकदा ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असते आणि तिच्यामुळे मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून तेही दिले जाते. दारू थांबलेली असताना आकडी आली, माणसाला वेळ-काळ समजेनासा झाला किंवा पुन्हा भास होऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचे असते, आणि ही गोष्ट तुमच्या पत्नीलाही माहीत असायला हवी. मदतगट हा या वैद्यकीय टप्प्याला पर्याय नाही. मात्र उपचार पूर्ण होईपर्यंत मीटिंगला जाता येत नाही असाही कोणताच नियम नाही. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू होऊ शकतात आणि झालेल्या बऱ्या.

आता त्या पाटीविषयी. तुमचे पत्र वाचताना मला सर्वाधिक हळहळ तिथेच वाटली, कारण जी पाटी वाचून तुम्ही परत फिरलात, ती तुमच्यासाठीच लावलेली होती. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे एए म्हणतात, त्या संघटनेत मीटिंगचे दोन प्रकार असतात. ओपन मीटिंगला कोणीही येऊन बसू शकते : कुटुंबीय, विद्यार्थी, डॉक्टर, नुसते कुतूहल असणारी व्यक्तीसुद्धा. क्लोज्ड मीटिंग ही ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे आणि ती सोडण्याची इच्छा आहे, केवळ त्यांच्यासाठी राखलेली असते. दार बंद असते ते बघ्यांना. सभासदत्वासाठी एएची अट एकच आहे : पिणे थांबवण्याची इच्छा. थांबवलेले असलेच पाहिजे, असे ती अट म्हणत नाही. अर्ज नसतो, फी नसते, नोंदणीचे रजिस्टर नसते. मीटिंगमध्ये एक पेटी किंवा टोपली फिरते, तीत सभासद स्वेच्छेने पैसे टाकतात आणि समूहाचा खर्च त्यातूनच भागवला जातो. नवख्याने काही टाकले नाही तरी कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही दार लोटले असते, तर आत बसण्याचा तुमचा हक्क तिथल्या सर्वात जुन्या सभासदाइतकाच होता. नवख्यांच्या दृष्टीने या शब्दाची निवड फारशी चांगली नाही, असे माझे मत आहे, परंतु तो शब्द आता रुळला आहे आणि त्याचा अर्थ माहीत असणे एवढाच त्यावर उपाय आहे.

अकरा मीटिंगांच्या तक्त्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो. शोध घेणे हे काम आहे, आणि ते करताना आपण काहीतरी करत आहोत असे समाधानही मिळते. अडचण अशी की ते समाधान जाण्यावाचूनच मिळत राहते. तीन महिने तुम्ही मीटिंगांची तुलना करत आहात, आणि ज्या माहितीवर निवड अवलंबून असायला हवी, ती तुमच्या वहीतल्या एकाही रकान्यात मावणारी नाही. तिथली माणसे कशी ऐकतात, हसतात की नाही, नव्या माणसाला जागा करून देतात की नाही, हे आत बसल्याखेरीज कळत नाही. एकाच संघटनेचे, एकाच वाचनाने सुरू होणारे दोन समूह स्वभावाने इतके वेगळे असतात की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. म्हणून निवडीचा क्रम उलटा करा. आधी योग्य मीटिंग ठरवून मग जायचे, असे न करता जी मीटिंग दिवसाने सर्वात जवळ आहे तिथे जा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. साधारण सहा निरनिराळ्या मीटिंगांना बसल्याशिवाय कोणतीही बाद करू नका आणि कोणतीही कायमची ठरवूही नका. त्यानंतर तुम्हाला तक्त्याची गरज उरणार नाही; पाय कुठे वळतात हे तुमचे तुम्हालाच कळेल.

या शोधाचा एक जुना दाखला तुमच्या उपयोगाचा आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा एक व्यावसायिक हॉटेलच्या लॉबीत उभा होता. काही महिन्यांपासून त्याने दारू सोडलेली होती, ज्या व्यवहारासाठी तो तिथे आला होता तो फसला होता, आणि समोर बार दिसत होता. शोधायला त्या वेळी कुठे मीटिंगच नव्हती. त्याने लॉबीतल्या फलकावरची चर्चची यादी पाहिली आणि दूरध्वनी करायला सुरुवात केली. त्याला दुसरा एखादा दारुडा हवा होता, ज्याच्याशी बोलता येईल. त्या दूरध्वनींतून त्याची गाठ बॉब स्मिथ या मद्यपी शल्यविशारदाशी पडली. डॉक्टरांनी त्याला पंधरा मिनिटे द्यायचे कबूल केले होते, आणि ते बोलणे काही तास चालले. त्याच वर्षी १० जूनला डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला. तोच एएचा स्थापनादिन मानला जातो. पुढे संघटनेने आपल्या परंपरांमध्ये, म्हणजे समूहांसाठीच्या तत्त्वांमध्ये, हेही नोंदवून ठेवले की दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र आले, आणि इतर कशाशी त्यांनी स्वतःला बांधून घेतलेले नसले, की त्यांना एए समूह म्हणवून घेता येते. म्हणजे तुम्ही ज्याचा शोध घेत आहात त्याचे मूळ रूप दोन माणसांचे बोलणे एवढेच आहे, आणि त्याची सुरुवात एका फोनने झाली.

तुम्हीही फोनानेच सुरुवात करावी, असे मी सुचवतो. एएच्या बहुतेक स्थानिक कार्यालयांचा किंवा समूहांचा मदतक्रमांक असतो. तो संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो, आणि फोन उचलणारी व्यक्ती बहुधा स्वतः दारूतून बाहेर पडलेली असते. त्या व्यक्तीला एवढेच सांगा : "मी पहिल्यांदा येणार आहे, मला एकट्याने आत शिरायला संकोच वाटतो, दाराशी कोणी भेटेल का?" हे वाक्य त्यांनी यापूर्वी अनेकदा ऐकलेले असते. मीटिंग अजून त्याच जागी व त्याच वेळी भरते ना, हेही त्याच फोनवर विचारून घ्या, कारण छापील आणि ऑनलाइन याद्या अनेकदा शिळ्या असतात, आणि कुलूप लागलेल्या दारावरून परतण्याचा दुसरा अनुभव तुम्हाला परवडणारा नाही.

पहिल्या मीटिंगला दहा मिनिटे आधी पोहोचा. उशिरा गेलात, तर आत सगळे बसलेले दिसतील आणि पाय पुन्हा मागे वळतील. मीटिंग साधारण एक ते दीड तासाची असते. सुरुवातीला एखादे वाचन होते, त्यानंतर एक जण स्वतःचा अनुभव सांगतो किंवा एखादा विषय घेऊन सगळे आळीपाळीने बोलतात. याला शेअरिंग म्हणतात. बोलणाऱ्याला मध्ये कोणी थांबवत नाही, उपदेश करत नाही, वाद घालत नाही. तुमची पाळी आली तर "आज मी फक्त ऐकायला आलो आहे" एवढे म्हणणे पुरेसे आहे, आणि पुढच्या पन्नास मीटिंगांत तुम्ही हेच म्हणत राहिलात तरी चालते. चारचौघांत बोलता न येणे ही तुम्ही उणीव म्हणून लिहिली आहे. तिथे मात्र ऐकणाऱ्यांची गरज बोलणाऱ्यांपेक्षा अधिक असते. त्या दिवशी तुम्ही प्यायलेले असलात तरी जा. काही समूहांत अशा दिवशी केवळ ऐकावे अशी विनंती केली जाते, पण बाहेर काढले जात नाही, जोवर इतरांना त्रास होत नाही. स्वतः वाहन चालवत मात्र जाऊ नका. मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका. खुर्च्या उचलताना, दाराशी रेंगाळताना जे बोलणे होते, त्यातच पहिला फोन नंबर मिळतो, आणि रात्री अकरा वाजता तलफ येते तेव्हा तो नंबर सबंध मीटिंगपेक्षा जास्त कामाला येतो.

ओळखीचे कोणी भेटेल ही भीती खरी आहे, आणि तसे घडूही शकते. पण तो ओळखीचा माणूस तिथे कशासाठी आला आहे, याचाही विचार करा. विशेषतः क्लोज्ड मीटिंगमध्ये प्रेक्षक म्हणून कोणीच बसलेले नसते. तिथे केवळ पहिले नाव सांगितले जाते, आणि कोण आले, काय बोलले हे बाहेर न नेण्याचा संकेत सर्वत्र पाळला जातो. तरीही एक फरक लक्षात घ्या. डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्यावर गोपनीयतेचे व्यावसायिक बंधन असते. मदतगटातला सभासद मात्र केवळ शब्दाने बांधलेला असतो. म्हणून नोकरी, कायदा किंवा इतर कोणाच्या खासगी आयुष्याशी संबंधित तपशील भर मीटिंगमध्ये सांगू नयेत. ते डॉक्टरांजवळ, समुपदेशकाजवळ किंवा विश्वास बसलेल्या एखाद्याच व्यक्तीजवळ बोलावेत. भीती फारच असेल, तर पहिल्या दोन-तीन मीटिंगा कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन ऐका. ऑनलाइन मीटिंगा दिवसाच्या जवळजवळ कोणत्याही तासाला कुठे ना कुठे चालू असतात, आणि ज्यांना अंतर, प्रकृती किंवा कामाच्या वेळा आड येतात, त्यांच्यासाठी त्या मुख्य आधारही ठरतात. तुमच्या बाबतीत मात्र मला एक शंका आहे : जो माणूस दारातून परतला, त्याला पडद्यावरची खिडकी बंद करणे अधिकच सोपे जाईल. तेव्हा ऑनलाइन मीटिंग ही प्रत्यक्ष मीटिंगची पूर्वतयारी म्हणून वापरा आणि तिला मुदत घाला.

देवाविषयीची तुमची अडचण मी हलकी मानत नाही. एएच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याच्या बारा टप्प्यांमध्ये, ईश्वराचा उल्लेख आहे, आणि अनेक मीटिंगा प्रार्थनेने संपतात. हे आधी ठाऊक असलेले बरे. त्या पायऱ्यांतच "आम्हाला जसा समजला तसा ईश्वर" असे शब्द आहेत, आणि त्यांचा आधार घेऊन समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानणारे, विश्वास नसलेले कित्येक जण तिथे वर्षानुवर्षे टिकून आहेत. एएमध्ये निधर्मी समूहही आहेत. तरीही घशाखाली उतरत नसेल, तर स्मार्ट रिकव्हरी ही १९९४ साली सुरू झालेली वेगळी वाट आहे. तिथे पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांतून वाट दाखवणारा जुना सभासद, नाही. प्रशिक्षित संचालक असतो, आणि तलफ कशी ओळखावी, विचारांची साखळी कशी तोडावी, याचा सराव संज्ञानात्मक वर्तन उपचारांवर, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याच्या उपचारांवर, आधारलेल्या पद्धतींनी करून घेतला जातो. तिथे सभासद एकमेकांशी संवादही साधतात, म्हणजे एएसारखे केवळ आळीपाळीने बोलणे नसते. तिच्या मीटिंगा एएच्या तुलनेत कमी ठिकाणी भरतात, मात्र ऑनलाइन पुष्कळ असतात. तुमच्या अकरांत अशी एकही नसेल तर एक जोडून घ्या आणि दोन्ही प्रकार पाहा. दोन्हीकडे एकाच वेळी जाण्यावर कोणाची बंदी नाही.

हे गट खरोखर उपयोगी पडतात का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण तक्ते आखणारा माणूस ते मनात विचारत असणारच. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ अभ्यासांतील साडेदहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली. समुपदेशक ज्यांत रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे नेतो आणि तिथे टिकून राहण्यास मदत करतो, असे आखीव उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात दिसले. हातात नुसता पत्ता देऊन सोडलेल्या माणसाविषयीचा हा निष्कर्ष नाही. म्हणूनच डॉक्टरांना भेटाल तेव्हा मीटिंगचा विषय तुम्हीच काढा, आणि पुढच्या भेटीत "गेलात का?" असे मला विचारा, असे त्यांना सांगून ठेवा.

समूह पारखताना काही गोष्टींवर मात्र मी लगेच फुली मारीन. डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करा, नाहीतर तुमची दारूमुक्ती खोटी, असे कोणी म्हणाले तर ते ऐकू नका. सभासदाने डॉक्टरची भूमिका घेऊ नये, असे एएनेच आपल्या छापील साहित्यात स्पष्ट केले आहे. नॅल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट यांसारखी तलफ कमी करण्यास मदत करणारी औषधे घेणे आणि मीटिंगला जाणे यांत काहीही विसंगती नाही. नव्या माणसाकडे उसने पैसे मागणारा, त्याला आपल्या धंद्यात ओढू पाहणारा किंवा अजून धड सावरलेले नसताना त्याच्याशी जवळीक साधणारा सभासद भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. सगळा समूहच त्याकडे डोळेझाक करत असेल तर समूह बदला. स्पॉन्सर निवडण्याची घाई करू नका. ज्याचे बोलणे ऐकून "हा माझ्याविषयीच बोलतो आहे" असे वाटेल आणि ज्याची दारू सुटून बराच काळ लोटला असेल, अशा व्यक्तीला काही आठवड्यांनी विचारा; पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला विचारावे अशी साधारण पद्धत आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

मध्येच पुन्हा प्यालात, ज्याला तिथे स्लिप म्हणतात, तर पुढची मीटिंग चुकवू नका. जाण्याची सर्वाधिक लाज त्याच दिवशी वाटते, आणि त्या खोलीत बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो दिवस पाहिलेला असतो.

राहिला पत्नीचा प्रश्न. पहिल्याच वेळी त्या बरोबर आल्या तर दारापर्यंतचे अंतर सोपे होईल, तेव्हा पहिली मीटिंग ओपन निवडून त्यांना खुशाल न्या. दुसऱ्या वेळेपासून मात्र एकट्याने जा, कारण त्या शेजारी बसलेल्या असताना तुम्ही त्यांना काय वाटेल याचा विचार करत ऐकाल, आणि त्या तुमच्या चेहऱ्याकडे पाहत ऐकतील. त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. दारूने ग्रासलेल्या व्यक्तीच्या कुटुंबीयांसाठी आणि मित्रांसाठी अल-अॅनॉन हे मदतगट १९५१ सालापासून चालतात, आणि बिल विल्सनची पत्नी लोइस ही त्याच्या संस्थापकांपैकी एक होती. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवत नाहीत. त्याच्या पिण्याने स्वतःच्या आयुष्याचे जे झाले आहे, त्याकडे पाहायला मदत करतात. तुम्ही मीटिंगला जा अथवा न जा, त्या तिथे जाऊ शकतात, आणि तुमची वाट पाहत थांबण्याची त्यांना गरज नाही. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. त्यांनी जायचे की नाही, आणि कोणत्या मीटिंगला, हे मात्र त्यांचे त्यांना ठरवू द्या. तुमच्या वहीत त्यासाठी नवा तक्ता आखू नका.